बिल्ड झालं, पण बरोबर झालं का? झॅमरिन ते माउई मायग्रेशन गाईडची चिकित्सा



शोधनिबंध चिकित्सकपणे कसा वाचायचा हे आपल्याला कोर्सवर्कमध्ये शिकवतात. लेखकाचा दावा काय, पुरावा काय, आणि त्याने कशाबद्दल बोलायचं टाळलंय, हे तीन प्रश्न विचारायचे. पण संशोधन करताना आपण शोधनिबंधांपेक्षा कितीतरी जास्त वेळ मॅन्युअल, गाईड आणि डॉक्युमेंटेशन वाचत असतो. ते मात्र आपण रेसिपीसारखं वाचतो. पायरी एक, पायरी दोन, झालं. आज मी अशाच एका गाईडला हे तीन प्रश्न विचारणार आहे. मायक्रोसॉफ्टचं झॅमरिन फॉर्म्सवरून डॉट नेट माउईवर जाण्यासाठीचं अधिकृत गाईड.

तुम्ही कदाचित कधीच मोबाईल अ‍ॅप लिहिणार नाही. तरी वाचा. कारण मुद्दा अ‍ॅपचा कमी आणि मोजमापाचा जास्त आहे.

आधी माझी गोष्ट सांगते, म्हणजे मी हे एवढं मनावर का घेतलंय ते कळेल. माझं पीएचडीचं काम विहिरींच्या पाण्यातल्या नायट्रेटवर आहे. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची भारतीय मानकातली मर्यादा ४५ मिलिग्रॅम प्रति लिटर आहे. आम्ही फील्डवर चाचणीपट्टी पाण्यात बुडवतो, पट्टी गुलाबी होते, फोनने तिचा फोटो काढतो आणि रंगावरून आकडा काढतो. रंगाचं आकड्यात रूपांतर करणारी आणि नोंदीचा फॉर्म दाखवणारी एक छोटी लायब्ररी मी एमएस्सीनंतर झॅमरिनमध्ये लिहिली होती. आमच्याच विभागातले दोन ज्युनियर तीच लायब्ररी आपापल्या अ‍ॅपमध्ये वापरतात.

मी ती माउईवर नेली. शेवटी शून्य एरर. त्या संध्याकाळी मी सगळ्यांना चहा पाजला. पुढच्या फील्ड फेरीनंतर ज्युनियरने यादी माझ्यासमोर ठेवली आणि विचारलं, "ताई, या तीन विहिरी एकदम एवढ्या वाईट कशा काय?" ती यादी दोन दिवसांनी ग्रामपंचायतीला द्यायची होती. त्या तीन विहिरींचं पाणी खराब नव्हतं. त्यांचे फोटो हलले होते, म्हणजे तिथे आकडाच नव्हता. माझ्या नव्या लायब्ररीने "आकडा नाही" याचं "सगळ्यात जास्त नायट्रेट" करून टाकलं होतं.

चूक माझी होती, ती कशी झाली ते पुढे येईलच. पण त्यानंतर मी गाईड पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचलं, या वेळी शोधनिबंधासारखं.

थोडी पार्श्वभूमी

क्रॉस-प्लॅटफॉर्म म्हणजे एकदा कोड लिहायचा आणि तो अँड्रॉइडवरही चालवायचा, आयफोनवरही. सी-शार्प भाषेत हे करण्याची मुळं मोनो या मुक्त प्रकल्पात आहेत. मोनो २००१ मध्ये सुरू झाला. त्याच्याशी जोडलेले मिगेल दे इकाझा आणि नॅट फ्रीडमन यांनी २०११ मध्ये झॅमरिन ही कंपनी काढली. २०१४ मध्ये झॅमरिन फॉर्म्स आलं, म्हणजे पडदासुद्धा एकदाच लिहायची सोय झाली. २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टने कंपनी विकत घेतली. मे २०२० मध्ये तिच्या पुढच्या पिढीची, माउईची घोषणा झाली. माउई म्हणजे मल्टी-प्लॅटफॉर्म अ‍ॅप यूआय. ते नोव्हेंबर २०२१ मध्ये डॉट नेट ६ सोबत यायचं होतं, पण प्रत्यक्षात मे २०२२ मध्ये आलं. आणि १ मे २०२४ ला झॅमरिनचा आधार संपला.

आधार संपला म्हणजे अ‍ॅप त्या दिवशी बंद पडलं असं नाही. झॅमरिन अँड्रॉइडच्या एपीआय ३४ पर्यंत आणि अ‍ॅपलच्या एक्सकोड १५ पर्यंतच पोहोचतं, त्यापुढे नाही. स्टोअर मात्र पुढे सरकत राहतात. अ‍ॅपलने एप्रिल २०२५ पासून एक्सकोड १६ सक्तीचं केलं, आणि गुगल प्लेने ऑगस्ट २०२५ च्या अखेरीपासून नव्या अ‍ॅपना आणि अपडेटना एपीआय ३५ ची अट घातली. म्हणजे जुन्या लायब्ररीवर बांधलेलं अ‍ॅप फोनमध्ये चालेल, पण स्टोअरवर त्याचं अपडेट टाकता येणार नाही. हा फरक लक्षात ठेवा, शेवटी कामाला येईल.

गाईडचा दावा काय आहे?

गाईड म्हणतं, आधी झॅमरिन फॉर्म्सच्या पाचव्या आवृत्तीवर या, अवलंबून असलेली पॅकेजेस अद्ययावत करा आणि अ‍ॅप अजून चालतंय याची खात्री करा. मग नेमस्पेसची नावं बदला, बदललेले एपीआय दुरुस्त करा, नव्या पद्धतीने अ‍ॅप सुरू होण्याची जागा लिहा, न जुळणारी पॅकेजेस बदला, आणि शेवटी कंपाइल करून चाचणी घ्या. यातलं बरंचसं काम आपोआप करणारं अपग्रेड असिस्टंट नावाचं साधनही आलं होतं.

आधी चांगल्याला चांगलं म्हणूया. कुठली नावं बदलली, कुठले गुणधर्म गेले, त्याजागी काय आलं, याचे तक्ते स्वच्छ आहेत. जुन्या अ‍ॅपची प्रकृती ठीक आहे का ते आधी बघा, हा सल्ला तर फार मोलाचा. आजारी माणसाचं घर बदलू नये तसंच आहे ते. डिफॉल्ट किमती बदलल्या आहेत, हेही गाईड लपवत नाही. त्यांचा तक्ता आहे, आणि जुन्या किमती परत आणायची युक्तीही दिलेली आहे. प्रामाणिकपणात हे गाईड कमी नाही.

माझा आक्षेप त्याच्या क्रमावर आणि वजनावर आहे. सगळ्या पायऱ्या एका दिशेने जातात, आणि ती दिशा म्हणजे एररची संख्या शून्यावर आणणं. शेवटच्या पायरीत "कंपाइल करा आणि चाचणी घ्या" असं एका दमात येतं. पण कंपाइल करणं हे मशीनचं काम आहे. चाचणी कशाशी ताडून घ्यायची, हा प्रश्न वेगळाच आहे, आणि तो एका शब्दात उरकला आहे. लायब्ररी हे ज्याचं मोजण्याचं साधन आहे, त्याच्यासाठी खरं काम त्या एका शब्दातच आहे.

आवाज करणारे बदल आणि गप्प बदल

मी पुन्हा वाचताना गाईडमधल्या बदलांचे दोन ढीग केले. हा माझा वर्गीकरणाचा प्रकार आहे, गाईडचा नाही.

पहिला ढीग आवाज करणाऱ्या बदलांचा. झॅमरिन फॉर्म्सचं नेमस्पेस गेलं, मायक्रोसॉफ्ट माउई कंट्रोल्स आलं. झॅमरिन एसेन्शियल्स हे वेगळं पॅकेज होतं, ते माउईच्या पोटात गेलं आणि त्याचे स्टोरेज, डिव्हाइसेस, मीडिया असे तुकडे झाले. नाव चुकलं की कंपायलर लगेच ओरडतो. शेकडो लाल ओळी दिसतात, छाती दडपते, पण खरं सांगायचं तर हे बदल सगळ्यात निरुपद्रवी. दुरुस्त केल्याशिवाय ते तुम्हाला पुढे जाऊच देत नाहीत.

दुसरा ढीग गप्प बदलांचा. इथे कंपायलर एक शब्द बोलत नाही.

साधं उदाहरण घ्या. जुन्या स्टॅकलेआउटमध्ये दोन घटकांमधलं अंतर तुम्ही काही न लिहिता ६ असायचं. माउईत ते ० आहे. ग्रिडमधल्या ओळी आणि रकान्यांच्या अंतराचंही तेच. कोड तोच, बिल्ड यशस्वी, आणि पडद्यावर सगळं एकमेकांना चिकटलेलं. अजून एक. जुन्या ग्रिडमध्ये तुम्ही रकाने घोषित न करता एखादी गोष्ट दुसऱ्या रकान्यात ठेवली, तर तो रकाना आपोआप तयार व्हायचा. माउईत रकाने आणि ओळी स्पष्ट लिहाव्या लागतात, नाहीतर घटक एकमेकांवर चढतात. माझ्या फॉर्ममध्ये विहिरीचा क्रमांक आणि त्याची चौकट एकावर एक बसली होती.

हे निदान डोळ्यांना दिसतं. तिसरं उदाहरण दिसायलाही अवघड आहे. झॅमरिनमध्ये एखादा घटक आपल्याला हवा तसा वागवायचा असेल तर प्रत्येक प्लॅटफॉर्मसाठी रेंडरर लिहायचो आणि त्याच्या डोक्यावर एक खूण लावायचो. अ‍ॅप सुरू होताना ती खूण शोधली जायची. माउईत रेंडररच्या जागी हँडलर आले. त्यांची नोंदणी तुम्ही स्वतः, अ‍ॅप सुरू होण्याच्या जागी करायची. रचना म्हणून हे चांगलं आहे, कारण शोधाशोध वाचते आणि काय जोडलंय ते एका जागी दिसतं. पण समजा, तुम्ही साध्या एंट्रीपासून स्वतःची खास एंट्री बनवली होती आणि तिची नोंदणी राहिली. माउई तिच्या मूळ वर्गाचा, म्हणजे साध्या एंट्रीचा हँडलर वापरून ती दाखवतं. चौकट दिसते, टाईप करता येतं. फक्त तुम्ही त्या प्लॅटफॉर्मवर लावलेली खास वागणूक नाहीशी होते. माझ्या चौकटीत "उणे आकडा घेऊ नको" एवढंच लावलेलं होतं. ते गेलं, आणि कोणी काही बोललं नाही.

तीन विहिरी

आता माझ्या चुकीकडे येऊ. झॅमरिनमधला रंग हा स्ट्रक्ट होता, म्हणजे एक किंमत. तो कधीच "नाही" नसतो. रंग ठरलेला नाही हे सांगायला कलर डॉट डिफॉल्ट नावाची खास किंमत होती. माउईत रंग हा क्लास झाला. डिफॉल्ट काढून टाकलं, आणि न ठरलेला रंग म्हणजे नल, म्हणजे काहीच नाही. गाईडच्या तक्त्यात ही ओळ आहे.

माझ्या लायब्ररीत "फोटोतून रंग मिळाला नाही" याची खूण म्हणून कलर डॉट डिफॉल्टच वापरलं होतं. मायग्रेशनमध्ये ते दोन ठिकाणी लाल झालं. तपासणीच्या ठिकाणी मी तक्त्याप्रमाणे नल लिहिलं. सुरुवातीची किंमत ठेवतो त्या ठिकाणी मात्र, दुसऱ्या दिवशी, घाईत, "नवा रंग" तयार करून टाकला. लाल ओळ गेली. पण माउईत काही न सांगता तयार केलेला नवा रंग काळा असतो. म्हणजे फोटो फसला की रंग काळा, तपासणी विचारते "नल आहे का?", उत्तर "नाही", आणि हिशोब पुढे चालू. पट्टी जितकी गडद तितकं नायट्रेट जास्त. काळ्यापेक्षा गडद काय असणार? आकडा थेट वरच्या टोकाला.

संख्याशास्त्राच्या पहिल्या धड्यात शिकतो ना, की माहिती नसणं आणि शून्य असणं या वेगळ्या गोष्टी आहेत? पेपरात ते मी बरोबर लिहिलं असतं. कोडमध्ये एक लाल ओळ घालवायच्या नादात मी तेच विसरले. गाईडमध्ये ओळ होती, तरी चुकले. म्हणून दोष गाईडला देत नाही. पण चिकित्सक म्हणून एवढं नक्की म्हणेन. तो तक्ता "जुनं काय, नवं काय" एवढं सांगतो. "न ठरलेलं" या कल्पनेचा अर्थच बदललाय, हे तो सांगत नाही. अर्थातला बदल आणि नावातला बदल एकाच तक्त्यात, एकाच आकाराच्या अक्षरांत बसले आहेत. वाचणाऱ्याला दोन्ही सारखेच वाटतात, आणि तो दोन्ही सारख्याच वेगाने उरकतो.

यादी ग्रामपंचायतीला गेली नाही. त्या तीन विहिरींवर आम्ही परत गेलो आणि परत फोटो काढले. पण ज्युनियरने विचारलं नसतं तर? कोणाच्या तरी चालू विहिरीवर पीएचडीचा शिक्का बसला असता.

अपडेट केल्यावरच कळणारी गोष्ट

या प्रकारानंतर मी कामाची पद्धत बदलली. नवं अ‍ॅप कोऱ्या फोनवर न टाकता, जुनं अ‍ॅप महिनाभर वापरलेल्या फोनवर, जुन्याच्या वरच चढवलं. आणि लगेच एक गोष्ट सापडली.

आमचं अ‍ॅप नोंद करणाऱ्याचा संकेत सुरक्षित साठवणीत ठेवतं. सापडला नाही तर नवा तयार करतं. झॅमरिन एसेन्शियल्स आणि माउई, दोन्हींत सिक्युअर स्टोरेज याच नावाची सोय आहे, वापरायची पद्धतही तीच. पण आतला कप्पा वेगळ्या नावाचा आहे, अँड्रॉइडवर तर साठवायची पद्धतही वेगळी आहे. त्यामुळे अपडेटनंतर जुना संकेत नव्या अ‍ॅपला दिसतच नाही. एक माणूस दोन संकेतांनी नोंदवला जातो. दोन निरीक्षकांच्या नोंदींत किती फरक पडतो हे मला प्रबंधात दाखवायचं आहे. तिथे तीन माणसांचे सहा निरीक्षक झाले असते.

याचीही माहिती गाईडमध्ये आहे. जुना डेटा वाचून नव्या जागी कसा न्यायचा, यावर स्वतंत्र पान आहे. ते पान मी पहिल्या खेपेस उघडलंच नव्हतं, कारण माझ्याकडे एरर उरलेली नव्हती आणि एररशिवाय कुठलं पान उघडायचं हे मला सुचलंच नाही. पुन्हा तोच मुद्दा. जोवर एरर हाच आपला होकायंत्राचा काटा आहे, तोवर आपण फक्त एररच्या दिशेने जातो.

लायब्ररी म्हणजे अ‍ॅप नव्हे

गाईडचा मुख्य वाचक अ‍ॅप लिहिणारा आहे. त्याच्या हातात फोन असतो, पडदा बिघडला की दिसतो. लायब्ररी लिहिणाऱ्याला तिचे वापरकर्ते कुठे काय करतात हे दिसत नाही. त्यामुळे गप्प बदलांची झळ लायब्ररीला जास्त बसते.

दोन बाबी सांगते. पहिली, जुन्या पॅकेजची. अँड्रॉइडसाठी बनवलेलं जुनं झॅमरिन पॅकेज, झॅमरिन फॉर्म्सवर अवलंबून नसेल तर, नव्या डॉट नेटमध्ये बऱ्याचदा चालून जातं. आयफोनसाठीचं जुनं पॅकेज चालत नाही, ते पुन्हा बांधावंच लागतं, कारण तिथले संख्यांचे काही मूलभूत प्रकारच बदलले आहेत. म्हणजे तुम्ही फक्त अँड्रॉइडवर तपासून "चालतंय" असं जाहीर केलं, तर अर्ध्या वापरकर्त्यांबद्दल काहीच बोलला नाहीत.

दुसरी, आवराआवरीची. रेंडररच्या काळात पान मिटलं की त्याची आवराआवर फ्रेमवर्क करायचं. हँडलर आल्यावर ती जबाबदारी आपल्यावर आली. हँडलर तोडायची क्रिया माउई आपणहून करत नसे. डॉट नेट ९ पासून ते बहुतांश वेळा आपोआप होतं, पण त्याआधीच्या आवृत्तीवर असाल तर स्वतः करावं लागतं. तुमची लायब्ररी कॅमेऱ्याला किंवा सेन्सरला कान लावून बसत असेल आणि तुम्ही तो कान काढला नाहीत, तर प्रत्येक पानागणिक एक कान वाढत जातो. प्रयोगशाळेतल्या पाच मिनिटांच्या चाचणीत हे कळणार नाही. फील्डवर चौथ्या तासाला फोन तापल्यावर कळेल.

गाईड न विचारणारा प्रश्न

आता तिसरा प्रश्न. गाईडने कशाबद्दल बोलायचं टाळलंय? माझ्या मते "आत्ताच जायचं का?" याबद्दल. गाईडकडून ती अपेक्षा करणं तसं चुकीचंच. ते लिहिणाऱ्यांना तुम्ही नव्या घरी यावं असंच वाटणार. हा प्रश्न आपण आपल्याला विचारायचा.

संशोधनात लायब्ररी हे उपकरण असतं. पावसाळ्यात जूनमध्ये एका तापमापकाने सुरुवात केली आणि ऑगस्टमध्ये तो बदलला, तर तुम्ही दोन्ही तापमापक एकाच पाण्यात बुडवून फरक तपासाल. नोंदवहीत तारीख लिहाल. कोणी सांगायची गरज नाही. मग फोनमधली लायब्ररी बदलताना तसं का करत नाही? तुमचे फील्डचे पाच फोन प्रयोगशाळेचेच असतील, अ‍ॅप स्टोअरवरून न घेता थेट फाईलने टाकत असाल, तर स्टोअरची मुदत तुम्हाला लागू नाही. हंगाम संपायला दोन महिने उरले असतील तर जुन्यावरच थांबणं हा आळस ठरत नाही, उलट तो पद्धतीचा भाग ठरतो. पण अ‍ॅप गावातल्या लोकांच्या फोनवर, स्टोअरमधून जात असेल, तर थांबता येणार नाही. सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणार नाहीत आणि अपडेटही अडकेल. निर्णय दोन्ही बाजूंनी होऊ शकतो. तो विचार करून घेतलाय, हे मात्र दिसलं पाहिजे.

आणि हे एकदा करून संपत नाही. डॉट नेटची नवी आवृत्ती दर नोव्हेंबरला येते. माउईच्या एका आवृत्तीला साधारण १८ महिने आधार असतो. उदाहरणार्थ माउई ८ नोव्हेंबर २०२३ मध्ये आलं आणि मे २०२५ मध्ये त्याचा आधार संपला. आपल्याकडे यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनुसार पीएचडीला किमान तीन आणि कमाल सहा वर्षं धरली आहेत. हिशोब तुम्हीच करा. एका पीएचडीत हे घर किमान दोनदा बदलावं लागणार. तेव्हा "मायग्रेशन झालं की सुटलो" या समजुतीतून आधीच बाहेर या.

मग करायचं काय?

माझ्या चुकांवरून मी पुढच्या खेपेसाठी जे ठरवलंय, ते तुमच्यापुढे ठेवते.

एक, हिशोबाचा भाग पडद्यापासून वेगळा करा. रंगाचे तीन आकडे घेऊन नायट्रेट सांगणाऱ्या कोडला फ्रेमवर्कचा रंग कशाला हवा? तीन साध्या संख्या पुरतात. असा भाग डॉट नेट स्टँडर्डमध्ये ठेवला तर तो झॅमरिनमध्येही चालतो आणि माउईमध्येही, अक्षर न बदलता. जे हलवावंच लागत नाही ते हलवताना मोडतही नाही. मी हे आधी केलं असतं तर तीन विहिरींचा प्रकार घडलाच नसता.

दोन, जुन्याचा जबाब आधी लिहून घ्या. मायग्रेशनला हात लावण्याआधी जुन्या लायब्ररीला वीसेक फोटो द्या, त्यात मुद्दाम हललेले, अंधारातले, अर्धे कापलेले फोटो असू द्या. आलेली उत्तरं फाईलमध्ये जतन करा. नव्या लायब्ररीने तीच उत्तरं दिली पाहिजेत. चांगल्या फोटोंवर दोघी जुळतीलच. खरी परीक्षा वाईट फोटोंची.

तीन, गाईडमधला डिफॉल्टचा तक्ता आणि डेटाचं पान आधी वाचा, नावांचे तक्ते नंतर. नावांची काळजी कंपायलर घेतोच.

चार, वापरलेल्या फोनवर, जुन्याच्या वर नवं चढवून बघा. कोऱ्या फोनवरची चाचणी अर्धीच.

पाच, प्रबंधाच्या पद्धती प्रकरणात लायब्ररीची आणि फ्रेमवर्कची आवृत्ती लिहा, आणि बदलली असेल तर कुठल्या तारखेपासून, कुठल्या नोंदीपासून, तेही. स्पेक्ट्रोफोटोमीटरचं मॉडेल लिहिता ना, तसंच.

शेवटी गाईडबद्दल माझं मत. गाईड चांगलं आहे, वापरा. त्यात खोटं काही नाही, आणि मला लागलेली प्रत्येक गोष्ट त्यात कुठे ना कुठे लिहिलेली होती. पण ते तुम्हाला "चालतंय" इथपर्यंत आणून सोडतं. "तेच उत्तर देतंय" इथपर्यंतचा रस्ता त्यात आखलेला नाही, आणि तो तुमच्याऐवजी दुसरं कोणी आखूही शकत नाही, कारण तुमच्या विहिरी त्यांनी पाहिलेल्या नाहीत.

आता तुम्हाला एक काम. तुम्ही संशोधनात वापरणार असलेलं कुठलंही एक सॉफ्टवेअर घ्या. आरचं पॅकेज असो, पायथनची लायब्ररी असो, नाहीतर उपकरणासोबत आलेला प्रोग्राम. त्याच्या शेवटच्या अपडेटमध्ये कुठली डिफॉल्ट किंमत बदलली ते शोधा आणि तुमचा एखादा जुना आकडा दोन्ही आवृत्त्यांतून काढून बघा. जुळला तर छान, तसं नोंदवहीत लिहून ठेवा. नाही जुळला तर घाबरू नका. आधी तुमच्या गाईडना दाखवा आणि मगच यादी बाहेर पाठवा.